‘घाशीराम’ थांबवले गेले, तेव्हा जब्बार पटेल का थांबले नाहीत?

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. संस्था होती ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’, म्हणजे पुणेकरांची पीडीए. नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, वय तीस, व्यवसाय बालरोगतज्ज्ञ. पुढच्या काही महिन्यांत जेमतेम वीसएक प्रयोग झाले आणि पीडीएनेच ते थांबवले. सरकारने बंदी घातली नव्हती, कोर्टाचा हुकूम नव्हता. ज्या घरात नाटक जन्मले त्याच घराने दार लावून घेतले.

इथे बहुतेक नाटके संपतात. हौशी संस्थेचे नाटक थांबले तर कुणाचा पगार बुडत नाही. नट आपापल्या नोकरीला जातात, पुढच्या वर्षी दुसरे नाटक बसते. ‘घाशीराम’चे तसे झाले नाही. दिग्दर्शक आणि त्याचे सोबती बाहेर पडले, त्यांनी 1973च्या मार्चमध्ये ‘थिएटर अकॅडमी’ ही नवी संस्था काढली आणि जानेवारी 1974 मध्ये नाटक पुन्हा उभे केले. त्यानंतर ते वर्षानुवर्षे चालले, युरोप-अमेरिकेत गेले.

या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे: का? दौंडला दवाखाना, हातात पदवी, लोकांत मान असलेल्या डॉक्टरने हा उपद्व्याप का करावा?

आपल्या लोकांत या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. मुशायऱ्यानंतरच्या चहाला, लग्नाच्या मंडपात मी ते ऐकले आहे: ‘जब्बार पटेल आपला माणूस, त्याने पेशवाईला आरसा दाखवला.’ दुसऱ्या बाजूलाही एक तयार उत्तर असते, ते दबक्या आवाजात येते: ‘पटेलच तो, त्याला नानांची काय आस्था असणार?’ ही दोन्ही उत्तरे एकाच विहिरीतले पाणी आहेत. दोन्हींना माणूस दिसत नाही, फक्त आडनाव दिसते. खरे उत्तर शोधायचे तर आधी नाटक काय होते ते पाहावे लागेल.

इतिहासातला घाशीराम आणि नाटकातला घाशीराम

घाशीराम सावळदास हा खरा माणूस. उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण, औरंगाबादहून पुण्यात आलेला. नाना फडणवीसांच्या काळात तो पुण्याचा कोतवाल झाला आणि शहरावर त्याचा वचक बसला. 1791च्या ऑगस्टमध्ये काही तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून एका कोंदट जागेत कोंडले गेले. त्यातले बरेच जण गुदमरून मेले. पुण्यात आग्या मोहोळ उठले आणि अखेर घाशीराम जमावाच्या हाती दिला गेला. दगडांनी त्याचा जीव घेतला. या कथेवर मोरोबा कान्होबा यांनी 1863 मध्येच ‘घाशीराम कोतवाल’ नावाचे पुस्तक लिहिले होते. म्हणजे तेंडुलकरांनी कुणाच्या कबरीतून काही उकरून काढले नव्हते. कथा मराठीत शंभर वर्षांपूर्वीपासून होती.

तेंडुलकरांनी तिला वेगळे वळण दिले. त्यांचा घाशीराम पोटासाठी पुण्यात येतो. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मारून हाकलले जाते. तो सूड घ्यायची शपथ घेतो. आपली मुलगी गौरी तो नानांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग तो शहराला छळतो. मुलगी मरते. ब्राह्मण कोठडीत गुदमरतात. लोक खवळतात तेव्हा नाना शांतपणे त्याला जमावापुढे टाकतात आणि संकट टळले म्हणून उत्सव करायला सांगतात. गौरीचा तो सौदा इतिहास म्हणून सिद्ध झालेला नाही, आणि आपण इतिहास लिहिला असा दावा तेंडुलकरांनीही केला नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी एखाद्या माणसाला कशी वाढवते आणि काम झाले की कशी फेकून देते, हा त्यांचा विषय. 1966 मध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली होती. तिचा उदय आणि तिला मिळणारा सत्तेचा छुपा आधार आपल्या डोळ्यांसमोर होता, असे त्यांनी पुढे सांगितलेही.

मी सालवडला राहतो. बोईसर स्टेशनला उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघाले की आमची वस्ती लागते. वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. निम्म्या मुलांचे बाप उत्तर प्रदेश, बिहारकडून कारखान्यांत कामाला आलेले. नववीच्या वर्गाला मी एकदा ही कथा नुसती तोंडी सांगितली. सौद्याचा भाग मुलांच्या वयाला झेपेल एवढाच सांगितला. मला वाटले होते, मुले नानांबद्दल विचारतील. एका मुलाने विचारले, ‘‘सर, चोरी त्याने केलीच नव्हती ना? मग पहिल्या दिवशी कुणीच त्याची बाजू का नाही घेतली?’’ पुण्याच्या पंडितांनी पन्नास वर्षे या नाटकात ब्राह्मण शोधले. परगावाहून आलेल्या मजुराच्या पोराला त्यात परगावाहून आलेला माणूस दिसला. परक्यावर पहिला आळ घालणारे गाव आणि त्या अपमानातून तयार होणारा जुलमी, ही या नाटकाची खरी सुरुवात आहे. ती पुण्याची आहे तशी बोईसरची आहे.

नाटक अवघड का होते

कथा धाडसी होती हे खरे, पण दिग्दर्शकापुढचे कोडे वेगळेच होते. त्या वेळच्या मराठी नाटकाला दिवाणखाना लागे. सोफा, दोन दारे, एक खिडकी. ‘घाशीराम’ला त्यातले काही नको होते. रंगमंचावर ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण हाच पडदा, हीच भिंत. ते पाठ फिरवतात तेव्हा आत काय चालले ते झाकले जाते. ते वळतात तेव्हा तेच पुण्याचे लोक होतात, मग जमाव होतात, मग वाडा होतात. कोकणातल्या नमन-खेळ्यांची, दशावताराची, तमाशाची, कीर्तनाची रीत त्यात मिसळलेली. गणपतीचे नाचत येणे, सूत्रधाराचे बोलणे, अभंगाला चिकटून लावणी आणि लावणीला चिकटून मारहाण.

हे कागदावर वाचून कळत नाही. संहिता लहान आहे. बाकीचे सगळे गाण्यात, पावलांत आणि त्या रांगेच्या हालचालीत आहे. संगीत भास्कर चंदावरकरांनी दिले, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांनी बसवली. डॉ. मोहन आगाशे नाना झाले. सतीश आळेकर सोबत होते, चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गाते गळे होते. यांतले पटेल, आगाशे आणि आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वातावरणात घडलेले. नाटकावर कुणाचे घर चालत नव्हते. दिवसभर काम आणि रात्री तालीम.

आता दिग्दर्शकाच्या जागी उभे राहून पाहा. चित्रकाराचे चित्र प्रदर्शनातून काढले तर ते घरात उरते. लेखकाचे पुस्तक छापले नाही तर हस्तलिखित उरते. पण ‘घाशीराम’ थांबले तर तेंडुलकरांची संहिता उरणार होती, जब्बार पटेलांचे नाटक उरणार नव्हते. ते त्या पस्तीस-चाळीस माणसांच्या अंगात होते. सहा महिने सगळे पांगले असते तर ती रांग पुन्हा तशी वळली नसती. मला वाटते, त्यांनी नाटक सोडले नाही याचे पहिले कारण इतके साधे आणि कारागिराचे आहे. हाताने घडवलेली वस्तू डोळ्यांदेखत मोडू द्यायची नाही. त्यात बंड नंतर येते.

दार आतून लागले तेव्हा

पीडीएचे अध्यक्ष भालबा केळकर यांना खलनायक करून हा इतिहास सांगण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. भालबांनी ही संस्था उभी केली, पुण्यात नाटकवाल्यांच्या पिढ्या घडवल्या. डॉ. श्रीराम लागूंसारखा नट पीडीएतूनच आला. जब्बार पटेलांनाही तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ करायला मिळाले ते याच संस्थेत. पण ‘घाशीराम’वर पुण्यात गदारोळ उठला: नाटक ब्राह्मणद्वेष्टे आहे, नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याला लंपट दाखवते. ते नाटक आपल्या संस्थेच्या नावाने चालू नये असे भालबांना वाटले. वडीलधाऱ्या माणसाला घराच्या अब्रूची चिंता वाटावी, तशी ही चिंता होती.

त्याच 1972 साली मुंबईत तेंडुलकरांचेच ‘सखाराम बाइंडर’ अडकले होते. तिथे अडवणारे सेन्सॉर बोर्ड होते. दिग्दर्शक-निर्माते कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार अडवते तेव्हा लढाईचा रस्ता ठरलेला असतो: वकील, अर्ज, निकाल. आपलीच माणसे अडवतात तेव्हा कोर्ट कुठले? ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याविरुद्ध फिर्याद कुणाकडे न्यायची?

जब्बार पटेल आणि सोबत्यांपुढे तीन वाटा होत्या. एक, मोठ्यांचा मान राखून गप्प बसायचे. दोन, वर्तमानपत्रांतून भांडायचे, संस्थेत फूट पाडून तिचा ताबा घ्यायचा. तीन, ती संस्था तिच्या वडीलधाऱ्यांकडे ठेवून आपण बाहेर पडायचे आणि नव्याने सुरू करायचे. त्यांनी तिसरी वाट घेतली. पीडीए पुढेही राहिली, आणि शेजारी ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. केवळ ‘घाशीराम’ करायचे असते तर कुणी पैसेवाला निर्माता गाठून ठेका देता आला असता. त्यांनी संस्था काढली. तिथून पुढे पु. ल. देशपांड्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ 1978 मध्ये आले, दिग्दर्शन जब्बार पटेलांचेच. सतीश आळेकरांची ‘महानिर्वाण’, ‘बेगम बर्वे’ ही नाटके आली. यापैकी कुठलेच सोपे नाटक नाही. अवघड नाटक जगवायचे तर एक धीट माणूस पुरत नाही. एक छप्पर लागते, जिथे पुढचे अवघड नाटकही राहू शकेल. स्वतंत्रपणे नाटक करणे याचा अर्थ त्यांच्या लेखी एकट्याने करणे असा नव्हता. माझ्या मते हे दुसरे कारण, आणि पहिल्यापेक्षा मोठे.

आडनावाचा प्रश्न

जब्बार पटेलांचा जन्म 1942 मध्ये पंढरपूरचा. विठोबाच्या गावचा. वाढले सोलापुरात. तिथे प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरात त्यांना आसरा आणि संस्कार मिळाले. गायक, लेखक, नट यांचा त्या घरात राबता असे. मुसलमानाच्या घरातला मुलगा पुजारी आडनावाच्या प्राध्यापकाच्या घरी मराठी साहित्य-संगीत ऐकत मोठा होतो, हे आज कुणाला नवल वाटेल. तेव्हाच्या सोलापुरात ते नवल नसावे. त्याच सोलापुरात 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, हाही निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

म्हणून ‘त्याला नानांची काय आस्था’ या कुजबुजीला उत्तर द्यायचे तर ते इतिहासातच आहे. पेशवाईच्या पुण्यात लावण्या रचणारा सगनभाऊ मुसलमान होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीतले संतकवी. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राचे शाहीर. पेशव्यांचे पुणे, त्याची लावणी, त्याचे कीर्तन हे जेवढे सदाशिव पेठेचे तेवढे सगनभाऊंच्या वारसांचेही. ‘घाशीराम’मध्ये अभंग आणि लावणी एकमेकांत घालणारा दिग्दर्शक पाहुणा म्हणून आला नव्हता. तो घरातल्याच वस्तू हाताळत होता.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गदारोळ चालू असताना जब्बार पटेलांनी आपले मुसलमानपण ढालीसारखे पुढे केले नाही. ‘मी अल्पसंख्य म्हणून मला अडवता’ असे म्हणणे सोपे होते. त्याने चार सहानुभूतीदार मिळाले असते आणि नाटक मात्र हरले असते, कारण मग चर्चा नाटकाची राहिली नसती. संचातले बहुतेक लोक ब्राह्मण घरांतलेच होते. रंगमंचावरच्या ब्राह्मणांच्या रांगेत उभे राहून आपल्याच पूर्वजांकडे पाहायला ते तयार झाले, हे त्या तरुणांचे धैर्य. दिग्दर्शकाने आपला धर्म मध्ये आणला असता तर ते धैर्य झाकोळले असते.

किंमत मात्र मोजावी लागली. 1980 मध्ये बर्लिनच्या महोत्सवासाठी युरोपचा दौरा ठरला तेव्हा शिवसेनेने आणि इतरांनी कडाडून विरोध केला. परदेशात महाराष्ट्राची बदनामी होईल असे म्हटले गेले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते असे निवेदन प्रयोगाआधी वाचायचे, अशी तडजोड झाली. निवेदन वाचले, प्रयोग केले. काहींना हे माघार घेणे वाटेल. मला ते शहाणपण वाटते. निवेदनातले वाक्य खरेच होते. नाना मुत्सद्दी होतेच. नाटकाने विचारलेला प्रश्न त्या वाक्याने पुसला जात नव्हता.

आरसा आपल्याकडे वळतो तेव्हा

आता आपल्याबद्दल. ‘घाशीराम’ पुण्यात अडले त्याच सुमारास, त्याच पुण्यात, 22 मार्च 1970 रोजी हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले होते. त्याच्या चार वर्षे आधी, 18 एप्रिल 1966 रोजी, त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता. दलवाईही आरसाच धरत होते, फक्त तो आपल्या मोहल्ल्याकडे वळवलेला होता. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण पटो न पटो, त्यांना आपण काय दिले? शिव्या आणि बहिष्कार. पीडीएने निदान नाटकाचा वीसएक वेळा प्रयोग होऊ दिला.

नानांवरच्या नाटकाला टाळ्या वाजवणारे आपण, आपल्या एखाद्या नवाबावर, एखाद्या पीरजाद्यावर, एखाद्या ट्रस्टच्या मुतवल्लीवर उद्या कुणी तसे नाटक लिहिले तर काय म्हणू? ‘वेळ बरोबर नाही, आधीच दिवस वाईट आहेत, बाहेरचे हसतील.’ हे वाक्य खोटे नसते. दिवस खरेच वाईट असतात. पण 1973 मध्ये भालबांनाही तसेच वाटले असणार, की घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको. अब्रूची काळजी करणाऱ्या वडीलधाऱ्याला आपण तिथे चूक म्हणतो आणि इथे तोच होतो.

जुलमी कोतवाल प्रत्येक जमातीत तयार होतो. त्याला घडवणारे नाना पडद्यामागे असतात. आणि दोघांना झाकणारी माणसांची रांग, ती आपणच असतो. आपण पाठ फिरवून उभे राहिलो की आत काहीही चालते. ‘घाशीराम’ पाहून घरी जाताना प्रेक्षकाच्या मनात राहते ती ही रांग. नाना आणि घाशीराम हळूहळू धूसर होतात.

जब्बार पटेलांनी पुढे ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ असे चित्रपट केले. 2000 साली त्यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आला. 2024च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला भरलेल्या शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्या माणसाचे नाटक त्याच्याच संस्थेला नकोसे झाले होते, त्याला पन्नास वर्षांनी मराठी रंगभूमीने आपल्या सर्वांत मोठ्या मेळाव्याच्या खुर्चीत बसवले. नाटक तेच आहे, त्यातला एकही शब्द मवाळ झालेला नाही. बदलला तो पाहणारा, आणि तो बदलायला वेळ मिळाला कारण नाटक जिवंत होते.

आमच्या भागात कारखान्यांच्या भोंग्यावर जगणारी, चार भाषा बोलणारी पोरे आहेत. त्यांच्यातही कुणी तरी आपल्याच वस्तीची, आपल्याच मशिदीच्या कमिटीची, आपल्याच घराची गोष्ट लिहील. ती आपल्याला बोचेल. त्या दिवशी त्याची गोष्ट आपल्याला आवडलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. भांडा, खोडून काढा, उलट लिहा. पण शाळेचे सभागृह त्याच्यासाठी उघडे ठेवा. छप्पर शोधायला त्याला गाव सोडून जायला लागू नये.